पोस्टाची आरडी: ऊसबिल आलं की बारा हप्ते एकदम

आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव, हे पगारदारांचं काम, असं सांगलीकडं धरून चालतात. वाळवा-पलूसच्या ऊसवाल्याकडं दर महिन्याला हप्ता कुठला? पण पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीतली सर्वांत चांगली सोय त्याच्याच कामाची आहे.

आधी साधा हिशोब. महिना १,००० रुपयांचे ६० हप्ते. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या ६.७ टक्के दरानं, तिमाही चक्रवाढीनं, ६०,००० चे सुमारे ७१,३६६ होतात. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही.

आता ती सोय. बारा हप्ते आगाऊ भरले की महिन्याच्या हप्त्यातल्या दर शंभरामागं ४० रुपये सूट मिळते, सहा भरले तर १०. म्हणजे हजाराच्या खात्यात १२,००० ऐवजी ११,६०० च भरायचे. हेच पैसे चार टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवून महिन्याला हप्ता भरत गेलात, तर व्याज जेमतेम २२० रुपये. कारखान्याकडून उसाचं बिल आलं की पैसे घरखर्चात मुरायच्या आत भरून टाका.

चुकतं ते तारखेत. खातं १५ तारखेच्या आत उघडलं तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत. १६ किंवा त्यानंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. हात ओढगस्तीचा असेल तर १६ नंतरच उघडा. चुकलेल्या हप्त्याला शंभराला एक रुपया दंड, तो किरकोळच. खरा धोका चौथ्या चुकीचा: त्यानंतर दोन महिन्यांत खातं चालू करून घेतलं नाही, तर पुढं भरताच येत नाही.

आमची मोठी तक्रार मुदतीआधी मोडण्याबद्दल. तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीच्या एक दिवस आधी मोडलं तरी सगळ्या रकमेवर बचत खात्याचंच व्याज. चार-सहा महिने उरले असतील तर कर्ज काढा: बारा हप्ते आणि एक वर्ष झालं की शिलकेच्या निम्म्यापर्यंत मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजानं. प्राप्तिकरातली ८०सी ची वजावट मात्र इथं नाही.

घरी येऊन हप्ता नेणाऱ्या महिला एजंटला कमिशन सरकार देतं, खातेदारानं वेगळं काही द्यायचं नाही. तिनं कार्डावर सही केली म्हणजे पैसे पोस्टात जमा झाले असं नव्हे. पासबुकावर शिक्का पडलाय का, ते अधूनमधून बघत जा.