घड्याळ घ्यावं की चंद्रावर भरवसा ठेवावा?

साल १७८५ आहे असं धरून चाला. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचे कप्तान आहात आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई गाठायची आहे. अक्षांशाची चिंता नाही, भरदुपारी सूर्याची उंची मोजली की तो मिळतो. अडचण रेखांशाची. त्यासाठी तीन वाटा आहेत: दोरी-वाळूचा जुना अंदाज, चंद्र आणि घड्याळ. माझा कौल आधीच सांगतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर चंद्र घ्या.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. नागपूरला सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी माथ्यावर येतो तो यामुळेच, आणि पंचांग बघताना आपण गावागणिक मिनिटं कमी-जास्त करतो तीही यामुळेच. मुंबई ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आहे. मुंबईत सूर्य डोक्यावर असताना ग्रीनिचला सकाळचे सात वाजून गेलेले असतात. जहाजावरची स्थानिक वेळ सूर्यावरून कळते. भर समुद्रात ग्रीनिचची वेळ कशी कळावी, एवढाच काय तो प्रश्न.

जुन्या अंदाजाला जवळजवळ काहीच खर्च नाही. गाठी मारलेल्या दोरीला लाकडी फळी बांधून मागे सोडायची, वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं, होकायंत्रावरून दिशा घ्यायची आणि नकाशावर रेघ ओढायची. पण ही दोरी पाण्याच्या तुलनेत जहाजाचा वेग सांगते. खालचं पाणीच वाहत असेल तर दोरीला त्याचा पत्ता नसतो. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला लागून तर फार जोराचा प्रवाह वाहतो. ऑगस्ट १७८२ मध्ये कंपनीचं ‘ग्रोव्हनर’ हिंदुस्थानातून परतताना याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा किनारा शेकडो मैल लांब आहे अशी कप्तानाची समजूत होती. अक्षांश-रेखांशाच्या अशाच घोळात १७०७ मध्ये सिली बेटांपाशी इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं बुडाली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. नुसत्या अंदाजावर निघू नका.

सिलीनंतर सात वर्षांनी, १७१४ मध्ये, ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. मग काय, कल्पनांचा पाऊस पडला. समुद्रात ठिकठिकाणी जहाजं नांगरून मध्यरात्री आभाळात तोफगोळे उडवावेत, अशीही एक सूचना होती! गुरूच्या चंद्रांची ग्रहणं बघून वेळ काढणं जमिनीवर उत्तम जमतं, पण डोलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहत नाही. त्यासाठी आयर्विन नावाच्या गृहस्थाने झुलती खुर्ची बनवली होती. १७६३-६४ च्या बार्बाडोस सफरीत तिची चाचणी झाली आणि तिचा काही उपयोग दिसला नाही.

आता चंद्र. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा, म्हणजे अर्धा अंश, सरकतो. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा ही आपली नक्षत्रं त्याच्या वाटेवरच आहेत आणि इंग्रजांनीही हे तारे धरले. सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने चंद्र आणि तारा यांमधलं अंतर मोजायचं, दोघांच्या उंच्या घ्यायच्या, वातावरणामुळे आणि आपण पृथ्वीच्या केंद्रावर नसल्यामुळे येणारा फरक काढायचा. मग नाविक पंचांगात बघायचं की ग्रीनिचला हे अंतर किती वाजता असेल. जर्मनीतल्या गटिंगेनच्या टोबियास मायर या खगोलशास्त्रज्ञाच्या कोष्टकांवर हे पंचांग उभं आहे. इंग्लंडचे राजज्योतिषी नेव्हिल मास्कलीन यांनी ते १७६७ सालापासून सुरू केलं आणि त्यात दर तीन तासांची अंतरं आधीच काढून दिली. पूर्वी चार तास खाणारं गणित त्यामुळे अर्ध्या तासावर आलं.

उणिवा आहेतच. मोजणीत एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की रेखांशात अर्ध्या अंशाची चूक होते, म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर पन्नासेक किलोमीटर. अमावस्येच्या आगेमागे चंद्रच नसतो. ढग आले तर बसून राहा. शिवाय गणिताचा कंटाळा असलेल्या अधिकाऱ्याच्या हातून हे होणार नाही. पण सेक्स्टंट आणि पंचांग मिळून वीसेक पौंडांत भागतं, आणि आजची चूक उद्याच्या मोजणीत शिरत नाही. प्रत्येक वेळी हिशोब कोऱ्या पाटीवर सुरू होतो.

घड्याळाचं नेमकं उलटं. वापरायला ते फार सोपं, पण त्याची चूक साठत जाते. सहा आठवड्यांत अर्ध्या अंशाच्या आत राहायचं तर ते दिवसाला तीन सेकंदांहून जास्त चुकता कामा नये, तेही हिंदकळ, दमट हवा, थंडी आणि विषुववृत्ताचा उकाडा सोसून. हे शक्य आहे हे जॉन हॅरिसन या सुताराने दाखवून दिलं. त्याचं पहिलं यंत्र ३० किलोंहून जड होतं. चौथं मात्र १३ सेंटिमीटर व्यासाचं, खिशातल्या घड्याळाचा थोरला भाऊ शोभेल असं. १७६४ च्या बार्बाडोस सफरीत ते ४७ दिवसांत ३९ सेकंद चुकलं, म्हणजे पूर्ण बक्षिसाच्या अटीहून कितीतरी सरस. तरी अधिकाऱ्यांनी नव्या अटी घालून त्याला झुलवलं. उरलेल्या पैशांपैकी ८,७५० पौंड त्याला १७७३ मध्ये संसदेकडून मिळाले, तेव्हा तो ऐंशीचा होता.

ही गोष्ट सांगताना मास्कलीनला खलनायक करायची पद्धत पडली आहे. मला ती अर्धीच पटते. चंद्राच्या बाजूच्या माणसाकडे घड्याळाची परीक्षा सोपवणं चूकच होतं. पण बक्षिसाचा निवाडा करणाऱ्या रेखांश मंडळाची मुख्य शंका रास्त होती: एक घड्याळ चाललं, तसं दुसरं बनेल का, आणि परवडेल का? लार्कम केंडॉल या घड्याळजीने हॅरिसनच्या घड्याळाची नक्कल केली, तिला ४५० पौंड पडले. कॅप्टन कुकने ती दुसऱ्या सफरीत नेली आणि तिच्यावर बेहद्द खूश झाला. त्याच सफरीवर गेलेली जॉन आर्नल्डची घड्याळं मात्र टिकली नाहीत. पुढे आर्नल्डने सुधारणा केल्या, थॉमस अर्नशॉ हा घड्याळजीही मैदानात उतरला आणि किंमत ऐंशीएक पौंडांपर्यंत उतरली.

तरीही एकच घड्याळ घेऊन निघाल तर एक गोष्ट विसरू नका. ते चुकतंय हे ते स्वतः सांगणार नाही. चावी द्यायला कोणी विसरलं, तर ग्रीनिचची वेळ गेली ती गेलीच, आणि ती परत मिळवायला चंद्राकडेच जावं लागेल. दोन घड्याळं नेऊनही फारसं साधत नाही, कारण त्यांच्यात फरक पडला तर खोटं कोणतं ते कळत नाही. नेली तर तीन न्या. १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाज २२ घेऊन निघालं होतं, पण ती सगळी सरकारी खर्चाची नव्हती, काही कप्तानाची स्वतःची होती.

तुम्ही १७८५ ऐवजी १८३० चे कप्तान असाल तर माझा कौल फिरेल. १७९१ मध्ये कंपनीने जहाजांच्या रोजनिशीत घड्याळी रेखांशासाठी वेगळा रकाना छापला, आणि १८२६ मध्ये मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली. तोवर घड्याळ हेच मुख्य साधन झालं होतं आणि चंद्र पडताळ्यापुरता उरला होता. नाविक पंचांगाने चंद्राची ही अंतरं १९०७ च्या आवृत्तीपासून छापणं बंद केलं.

वाट कोणतीही निवडा, शिशाचं वजन लावलेली खोली मोजायची दोरी हाताशी ठेवा. मुंबईसमोर समुद्रतळ फार दूरपर्यंत उथळ आहे, त्यामुळे किनारा दिसण्याच्या बराच आधी दोरीला तळ लागतो. अर्ध्या अंशाची चूक तिथे निभावून जाईल. आफ्रिकेच्या बाजूला ती निभावेलच असं नाही, तिथे चंद्र दिसेल तेव्हा मोजून घ्या.