उरलेल्या हाडांचा चिकन स्टॉक: पातेले, कुकर, स्लो कुकर की तयार क्यूब?

अख्खी कोंबडी शिजवून खाऊन झाली की मागे सांगाडा, सांध्यांची टोके, थोडी कातडी आणि भाज्यांचे देठ उरतात. त्यातून चांगला स्टॉक, म्हणजे हाडे पाण्यात दीर्घकाळ शिजवून गाळलेले सत्त्वयुक्त पाणी, निघतो हे सर्वांना मान्य आहे. मतभेद आहेत ते तो कशात काढावा याबद्दल. उघडे पातेले, प्रेशर कुकर, विजेवर चालणारा स्लो कुकर, किंवा हा सगळा खटाटोप टाळून गरम पाण्यात विरघळवलेला तयार क्यूब, असे चार पर्याय समोर असतात आणि त्यांची तुलना बहुधा लागणाऱ्या वेळावरून केली जाते. माझ्या मते वेळ हा दुय्यम निकष आहे. हाताशी असलेली हाडे कच्ची आहेत की एकदा शिजून गेलेली, आणि स्टॉक कोणत्या पदार्थात जाणार आहे, हे आधी ठरवले की भांड्याची निवड फारशी अवघड राहत नाही.

हाडांचा प्रश्न आधी घेण्याचे कारण असे की स्टॉकला अंगचा दाटपणा जिलेटिनमुळे येतो. कातडी, कूर्चा आणि सांध्यांचे बंध यांत कोलॅजेन हे प्रथिन असते. ते पाण्यात बराच काळ तापले की त्याचे तिपेडी धागे सुटतात आणि त्याचे जिलेटिन होते. असा स्टॉक फ्रीजमध्ये गार झाल्यावर थरथरणाऱ्या जेलीसारखा जमतो आणि गरम असताना ओठांना किंचित चिकटतो. भाजलेल्या किंवा उकडलेल्या कोंबडीच्या हाडांमधून यातला काही भाग पहिल्या शिजवण्यातच निघून गेलेला असतो, त्यामुळे निव्वळ उरलेल्या हाडांचा स्टॉक चवीला चांगला झाला तरी पातळ राहण्याची शक्यता जास्त. कच्च्या हाडांचा स्टॉक फिकट रंगाचा, सौम्य आणि जास्त जमणारा होतो. भाजलेल्या हाडांचा तपकिरी, खमंग, पण काहीसा गढूळ. मसाल्यात किंवा सॉसमध्ये शिजलेली हाडे तीच चव स्टॉकमध्ये उतरवतात, हे लक्षात घेऊनच ती वापरावीत.

या दोहोंतला मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पंखांची टोके, मान आणि पंजे यांत मांस नगण्य असले तरी कोलॅजेन भरपूर असते. कोंबडी कापताना हे भाग वेगळे काढून कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि उरलेला सांगाडा स्वतंत्र पिशवीत त्यांच्या शेजारी साठवत जावा. दोन-तीन सांगाडे आणि मूठभर पंजे जमले की स्टॉक करण्यासारखा ऐवज होतो. ताटातली हाडेही चालतात, कारण ती पुन्हा दीर्घकाळ उकळणारच असतात. मात्र जेवण झाल्यावर ती दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजेत. टेबलावर दुपारभर पडलेली हाडे उकळल्याने निर्धोक होत नाहीत, कारण काही जिवाणूंनी तोपर्यंत तयार केलेली विषद्रव्ये उकळीलाही दाद देत नाहीत.

उघड्या पातेल्याची बाजू घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा नियंत्रणाचा आहे आणि तो रास्त आहे. एक किलो हाडांना दीड ते दोन लिटर थंड पाणी घेऊन मंद आचेवर तापवत नेले की विरघळलेली प्रथिने हळूहळू साकळून करडा फेस वर येतो आणि तो पळीने काढता येतो. त्यानंतर पाणी खळखळू न देता, कडेने अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतक्याच आचेवर, तीन ते चार तास ठेवावे लागते. जोराने उकळले की चरबीचे बारीक थेंब पाण्यात घुसळले जातात आणि स्टॉक दुधट होतो. काही सूपांमध्ये नेमके हेच हवे असते, पण नितळ सूप करायचे असेल तर हा दोष ठरतो. पातेल्यात भाज्या शेवटच्या तासाभरात घालता येतात, मधेच चव घेता येते, आणि वाफ निघून जात असल्यामुळे स्टॉक शिजता शिजता आटतही जातो. याची किंमत म्हणजे जवळपास राहणे आणि इंधन. एकाच सांगाड्यासाठी चार तास शेगडी पेटती ठेवणे मला पटत नाही.

प्रेशर कुकर या कामाला केवळ सोयीचा नाही, तो मुळात याच कामासाठी जन्मला. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबाचे जे बंद भांडे मांडले, त्याचा उद्देशच कडक हाडे मऊ करणे हा होता. पूर्ण दाबाखाली पाणी सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापते, त्यामुळे पातेल्यात तीन-चार तासांत जे घडते ते येथे पाऊण ते एक तासात होते, आणि एकदा शिजलेल्या हाडांमध्ये शिल्लक राहिलेले कोलॅजेनही बऱ्यापैकी बाहेर येते. उरलेल्या हाडांसाठी मी कुकरला झुकते माप देतो ते या कारणासाठी.

कुकरचा स्टॉक हमखास गढूळ होतो हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दाब स्थिर असताना आतले पाणी उकळून ढवळले जात नाही. ढवळले जाते ते शिट्टी होताना, कारण वाफ सुटून दाब एकदम उतरला की आतले पाणी उसळते. म्हणून दाब भरत आला, शिट्टी हलू लागली, की लगेच आच इतकी कमी करावी की तिच्या खालून वाफेची बारीकशी सुसकार येत राहील पण ती उचलली जाणार नाही. शेवटीही शिट्टी उचलून वाफ सोडू नये. कुकर आपणहून निवू द्यावा. एवढे पाळले तर गाळल्यावर मिळणारा स्टॉक पातेल्यातल्याइतका नसला तरी पुरेसा नितळ असतो. मर्यादा दोन राहतात. कुकर दोनतृतीयांशाहून जास्त भरता येत नाही, आणि आत काहीच आटत नसल्याने दाट स्टॉक हवा असल्यास तो नंतर उघड्यावर आटवावा लागतो. शिवाय भाज्या पहिल्यापासून आत असल्याने त्यांचा लगदा होतो, म्हणून त्या कमी आणि मोठ्या तुकड्यांत घालाव्यात.

स्लो कुकरबद्दल थोडक्यात सांगता येईल: रात्री लावून सकाळी गाळणे ज्यांना सोयीचे आहे त्यांच्यासाठी तो ठीक आहे. आठ ते बारा तास लागतात, गोठलेली हाडे थेट त्यात टाकू नयेत कारण ती फार वेळ कोमट राहतात, आणि पूर्ण दिवसाहून अधिक शिजवण्याने काही साधत नाही. उलट जिलेटिनचे धागे तुटत जाऊन स्टॉक जमेनासा होतो.

भांडे कोणतेही असो, भाज्यांच्या उरलेल्या तुकड्यांनी स्टॉक जितका सुधारतो तितकाच बिघडतोही. कांद्याची टोके, गाजराची बुडखे, सेलरीचे दांडे, मशरूमचे देठ, पार्सली किंवा कोथिंबिरीच्या काड्या, चार-सहा मिरे आणि एखादे तमालपत्र एवढे पुरेसे आहे. कांद्याची कोरडी साल सोनेरी रंग देते, पण दोन-तीन कांद्यांच्या सालींपुढे गेल्यास कडवट झाक येते. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली यांना दीर्घ शिजण्यात गंधकाचा उग्र वास सुटतो, बटाट्याच्या सालींनी पाणी पिठूळ होते आणि बिटाचा रंग सगळ्यावर चढतो. सडू लागलेले काहीही घालू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. मीठ मात्र अजिबात नको. स्टॉक अळणीच ठेवावा, कारण तो आटवताना मीठ तेवढेच राहते आणि पाणी उडते. व्हिनेगर घातल्याने हाडांतले कॅल्शियम भरपूर उतरते, या समजुतीलाही फार अर्थ नाही. उतरणारे प्रमाण अगदी थोडे असते.

नेमका हाच मिठाचा मुद्दा तयार क्यूबचे स्थान ठरवतो. बहुतेक क्यूबांत सर्वांत मोठा घटक मीठच असतो, जोडीला चव वाढवणारी द्रव्ये आणि चरबी. जिलेटिन जवळजवळ नसते. तिखट, दाट आणि अनेक मसाल्यांच्या पदार्थात क्यूब आणि घरचा स्टॉक यांतला फरक ओळखणे कठीण आहे, आणि तेथे क्यूब वापरल्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. पण पदार्थ आटवायचा असेल तर क्यूबचे खारवणी होते, सॉसला चकाकी आणि दाटपणा येत नाही. आणि साध्या सूपात तर त्याची एकसुरी चव लगेच कळते. थोडक्यात, स्टॉक हाच पदार्थाचा कणा असेल तर हाडे उकळावीत, नसेल तर सरळ क्यूब घ्यावा.

घरी करणाऱ्याने निवण्याची तजवीज आधीच करून ठेवावी, कारण खरा धोका तेथे आहे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही जगतात आणि कोमट स्टॉकमध्ये झपाट्याने वाढतात. मोठे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे. गाळलेला स्टॉक उथळ भांड्यांत वाटून बर्फाच्या पाण्यात बुडवावा, दोन तासांत २० अंशांच्या आसपास आणावा आणि फ्रीजमध्ये ढकलावा. तेथे तो तीन-चार दिवस राहतो; वर जमलेला चरबीचा थर सकाळी अखंड चकतीसारखा उचलता येतो. त्याहून जास्त टिकवायचा असेल तर चरबी काढून स्टॉक चौथाईवर आटवावा आणि बर्फाच्या साच्यात गोठवून दोन-तीन महिन्यांत संपवावा. वापरताना एका तुकड्याला तिप्पट पाणी घ्यावे, आणि मीठ तेव्हाच, पदार्थ चाखून घालावे.