त्या रविवारी हॉलमधले सगळेच सिलेक्ट झाले

मी एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात चेकिंगला आहे. दोरे कापायचे, बटण ओढून बघायचं, घडी घालून पिशवीत भरायचं. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण शाळांचे आणि सिक्युरिटीवाल्यांचे कपडेही इथून लांबलांब जातात. माझी उंची पाच फूट अकरा. नवं माप आलं की मालक मलाच घालून उभं करायचे आणि पोरं ओरडायची, "काय बे हिरो!" रोज ऐकून ते डोक्यात गेलं.

फोनवर जाहिरात आली. मॉडेलिंगसाठी नवे चेहरे हवेत, अनुभव नको, रविवारी सोलापुरातच ऑडिशन. सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलचा हॉल भाड्याने घेतलेला. शंभरावर माणूस होतं. मागे मोठा फ्लेक्स, त्यावर साबणापासून सोन्यापर्यंतच्या कंपन्यांचे लोगो. तेव्हा छाती दडपली. फ्लेक्स कुणीही छापून देतं, हे तेव्हा सुचलं नाही. फॉर्मचे ५०० रुपये. मग दहा पावलं चाल, वळ, नाव सांग, हस. दोन मिनिटांत मी बाहेर. माझ्या पुढे एक वहिनी होत्या, बाळाला सासूबाईंकडे ठेवून आलेल्या. आम्ही एकमेकांचे नंबर घेतले, तेवढं एक त्या दिवसात शहाणपणाचं झालं.

रात्री साडेनऊला मेसेज आला, पाठोपाठ फोन. "सर, तुमचं सिलेक्शन झालंय." मला त्याआधी कुणी सर म्हटलेलं आठवत नाही. पोर्टफोलिओ म्हणजे फोटोंचा संच लागेल, १५,००० रुपये, फोटोग्राफर आमचाच, आणि बारा वाजेपर्यंत कन्फर्म नाही केलं तर जागा दुसऱ्याला. आईने भिशीचे पैसे काढून दिले. आई विड्या वळते. देताना एवढंच म्हणाली, "आमचा कारखानदार पान-तंबाखू देतो, वर हजाराप्रमाणे मजुरी देतो. तुझा कारखानदार पानाचे पैसे तुझ्याकडूनच का घ्यायलाय?" मी तिलाच वेड्यात काढलं. "आई, ही लाइन वेगळी आहे." पैसे गेले ते कंपनीच्या नाही, एका बाईच्या नावावरच्या यूपीआयवर. तेही दिसलं होतं. दिसून न दिसल्यासारखं केलं.

फोटोच्या दिवशी आम्ही सहा जण आणि ब्लेझर एक. तोच आळीपाळीने सगळ्यांना. माझ्या अंगावर बाही दीड इंच आखूड, पाठीला पिना लावून ओढलेला. कारखान्यात असला माल मी बाजूला टाकला असता. आठवड्याने पेन ड्राइव्ह मिळाला. फोटोत चेहरा इतका गुळगुळीत केलेला की हनुवटीवरची टाक्यांची खूणही गायब. मग ४,५०० रुपये 'आर्टिस्ट कार्ड'चे. हे कार्ड नसेल तर सेटवर घेतच नाहीत म्हणे. आणि शेवटी मुंबईच्या शूटसाठी ६,००० डिपॉझिट, काम झालं की परत. तोवर २०,००० गेलेच होते. आता थांबलो तर ते बुडतील, या भीतीने पुढचे सहा दिले. माणूस यातच अडकतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईत. अंधेरीतल्या पत्त्यावर इमारत होती, ऑफिस नव्हतं. वॉचमनने माझ्या हातातली पिशवी बघितली आणि मी विचारायच्या आधीच मान हलवली. फोन बंद. घरी सांगितलं, शूट पुढे ढकललंय.

नऊ दिवस गप्प बसलो. ही चूक पैसे देण्यापेक्षा मोठी. वहिनींना फोन केला तेव्हा कळलं, त्यांनाही त्याच रात्री सिलेक्शनचा मेसेज होता. "तुमच्या स्माइलमधे कॅमेराला हवं ते आहे." माझ्या मेसेजमध्येही हेच, अक्षरन् अक्षर, चुकांसकट. त्या दिवशीचा नापास झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

वहिनीच मला घेऊन पोलिसांत गेल्या. तिथे साहेबांनी जे सांगितलं ते आधी कळायला हवं होतं. १५,००० वर ऑडिशनवाल्यांकडे माझ्या सहीचा कागद होता, 'फोटोसेवा मिळाली, रक्कम परत मिळणार नाही'. फोटो तर मिळालेच होते. म्हणजे तिथे ते सरळ म्हणणार, आम्ही काम केलं. साफ फसवणूक दिसते ती डिपॉझिटची. आपण अजून चारशे वीस म्हणतो, पण १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ मध्ये गेलंय. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन केला असता तर पैसे पुढे सरकायच्या आत खात्यात अडवता येण्याची शक्यता होती. लगेच म्हणजे त्याच तासात. मी नऊ दिवसांनी केला. तक्रार नोंदवली आहे, स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचे नंबर दिलेत. अजून काही हाती नाही.

नव्या पेठेत लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत, पूर्वी मुंबईत असिस्टंट होते. पेन ड्राइव्ह त्यांना दाखवला. तीन फोटो बघून बंद केला. म्हणाले, "हे कुणी बघणार नाही. एजन्सीला तू कसा दिसतोस ते बघायचं असतं." सुरुवातीला लागतात ते मोबाइलवरचेही चालणारे फोटो. खिडकीचा उजेड, मोकळी भिंत, अंगाबरोबरचा साधा टी-शर्ट, मेकअप-फिल्टर काही नाही. समोरून, बाजूने, पूर्ण उभा, चेहरा जवळून. सोबत उंची, छाती, कंबर, बुटाचा नंबर. एजन्सी पसंत करते तेव्हा काम मिळवून देते आणि त्या कामाच्या पैशांतून आपलं कमिशन कापते. आधी हात पसरत नाही. पोर्टफोलिओ हळूहळू होतो. शिकाऊ फोटोग्राफरलाही चेहरे हवेच असतात, दोघं फुकट काम करतात, फोटो दोघांना. रॅम्पला उंची बघतात, पण जाहिरातीत दुकानदार, आजोबा, रिक्षावाला सगळे लागतात. ते 'आर्टिस्ट कार्ड' बघून काका हसले नाहीत, ते मला जास्त लागलं.

काकांनी माझे चार फोटो दुकानामागच्या भिंतीपाशी काढले. पैसे घेतले नाहीत.

दिवाळीनंतर मालकांनी गणवेशाचं कॅटलॉग काढलं. मला सिक्युरिटीचा निळा शर्ट घालून दिवसभर उभं केलं, संध्याकाळी हातात १,२०० ठेवले. आईने नोटा मोजून भिशीच्या डब्यात टाकल्या. त्या भिशीचे हप्ते अजून चालू आहेत.

परवा तसाच फ्लेक्स दिसला, नाव नवं, लोगो तेच. रविवारी मी हॉलखाली चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. फॉर्म हातात घेतलेला एक पोरगा आला, बार्शीकडचा. त्याला सगळं सांगितलं, मेसेजही दाखवला. शांतपणे वाचला त्याने. मग म्हणाला, "पण दादा, मी खरंच सिलेक्ट झालो तर?" आणि जिना चढून वर गेला. मी खालीच थांबलो, तो उतरेपर्यंत.