मोडीचा ऑनलाइन कोर्स: विभागाने स्वतः करावा की तयार कोर्स घ्यावा?

इतिहास विभागाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावर एवढे कोर्स आहेत, त्यातला एखादा मुलांना घ्यायला लावू, दोन क्रेडिटचा प्रश्न सुटेल. दुसरी म्हणते, आपल्याकडे मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, येणारा माणूस आहे, तर मोडीचा कोर्स आपणच करू. मी मोडी शिकवतो, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. पण आमच्या विभागानं दोन्ही वाटा थोड्या थोड्या चालून पाहिल्या आहेत. निवड करण्याआधी आम्हाला जे कळायला हवं होतं, ते इथे मांडतो.

कागदोपत्री तयार कोर्सची बाजू भक्कम आहे. 'स्वयम्' २०१७ पासून सुरू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमांनी तिथून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची सोय केली, २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वाध्याय हे सगळं तयार मिळतं. विभागाकडे उरतं ते योग्य कोर्स निवडणं, तो आपल्या विद्यापीठाला चालतो का ते विचारून घेणं आणि मुलांची नोंदणी. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. केंद्र लांबच्या शहरात असेल तर गाडीभाडं आणि घरची परवानगी हेही हिशेबात धरा. आमच्याकडे व्हिडिओ पूर्ण पाहिलेल्या दोन मुली परीक्षेला बसल्या नाहीत, त्याचं कारण अभ्यास नव्हतं.

भाषेचाही प्रश्न आहेच. तिथले बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. भारतीय इतिहासाची ओळख किंवा संशोधनपद्धती यांसारखा विषय असेल तर इंग्रजी व्हिडिओ आणि आठवड्याला एक मराठी तास, एवढ्यावर मुलं तरून जातात. अशा विषयासाठी विभागानं स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कोणी चांगलं सांगितलेलं पुन्हा सांगण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा तेच तास मुलांच्या शंकांना द्यावेत.

मोडीचं तसं नाही. आधी शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही, विरामचिन्हं नाहीत. बाराखडी पंधरा दिवसांत येते, कागद वाचायला मात्र सहा महिने लागतात, कारण शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळण वेगळं, प्रत्येक लेखकाचा हात वेगळा, आणि सुहूर सनासारख्या जुन्या कालगणना त्यावर आणखी. फळ्यावर मी लिहितो तेव्हा अर्ध्या वर्गाला माझी पाठच दिसते. त्याऐवजी मोबाइल हाताच्या वर रोखून लिहिण्याचं चित्रण केलं तर मुलगा 'ज' कुठून सुरू झाला ते थांबवून, मागे नेऊन दहा वेळा पाहू शकतो. इथे ऑनलाइन धडा वर्गापेक्षा खरोखर सरस ठरतो. तो फरक मी मुलांच्या कित्त्यात पाहिला आहे.

पण हाच कोर्स व्हिडिओवर सोडून दिला तर बुडतो. लिप्यंतरात, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवताना, चूक कुठे झाली ते कोणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं. मुलं वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, शिक्षक त्यावर लाल खूण करून परत पाठवतो, आणि शिकणं घडतं ते या देवाणघेवाणीत. तीस मुलांची पानं तपासायला माझी रविवारची सकाळ जाते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठानं युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीबरोबर कोर्स चालवले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचं प्रमाण इतकं कमी निघालं की प्रयोग थांबवून फेरविचार करावा लागला. विषय वेगळा होता, पण ऑनलाइन कोर्स नवख्या मुलांच्या हाती देताना मी ते उदाहरण विसरत नाही.

आता खर्च. पैसा कमी लागतो. कोर्स चालवायचं मूडल फुकट आहे, चित्रणाचं ओबीएस फुकट आहे, दिव्याचा स्टँड आणि कॉलरचा माइक विभागाच्या किरकोळ निधीतून येतो. लागतो तो वेळ. आठ मिनिटांच्या धड्यामागे लेखन, चित्रण, संकलन धरून माझा एक पूर्ण दिवस गेला. दोन क्रेडिटचा थिअरीचा विषय म्हणजे ३० तास. त्यातला तिसरा हिस्सा चित्रित करायचा म्हटलं तरी किती सुट्ट्या जातील ते काढून पाहा. प्राचार्यांकडून कामाच्या तासांत सूट लेखी मिळणार नसेल तर हे काम हाती घेऊ नका. तोंडी आश्वासन पहिल्या परीक्षाकाळात विरतं.

दोन अडचणी आम्हाला उशिरा कळल्या. संगणकावरच्या लिप्यांच्या युनिकोड या प्रमाणात मोडी २०१४ साली आली, पण फोनमध्ये फाँट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. त्यामुळे चाचणीतलं प्रत्येक अक्षर चित्र म्हणून टाकावं लागतं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मुलं हौसेनं घरचे रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) सोडून वतनाचे, वाटणीचे कागद आणतात. वर्गात वाचून परत केले की प्रश्न मिटतो. तेच कागद कोर्समध्ये कायमचे ठेवले तर त्यात जमिनीचा वाद, जात, वारस, सगळं उघड्यावर येतं. पुराभिलेखागारातून घेतलेल्या प्रतीचंही तेच: वर्गात दाखवणं वेगळं आणि इंटरनेटवर ठेवणं वेगळं. परवानगी लेखी घ्या, घरचे कागद वर चढवूच नका.

मग बनवावा का? मोडीपुरतं माझं उत्तर हो आहे, पण छोटा. मराठवाड्यात २०२३ मध्ये जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहात, अजून कोट्यवधी कागद आहेत. हाताच्या वळणाचे दहा-बारा व्हिडिओ आपले, वाचनाचे तास समोरासमोर, आणि पानं तपासायला ठरलेला माणूस, एवढं पुरतं. हाच कोर्स पुढे 'स्वयम्'साठी पाठवण्याचा विचार दोन तुकड्या बाहेर पडल्यानंतर करा. शिकवणारा एकच असेल आणि त्याची बदली किंवा निवृत्ती जवळ असेल तर आधी दुसऱ्याला मोडी शिकवा, कोर्स नंतर.

ठरत नसेल तर या दिवाळीच्या सुट्टीत तीनच धडे चित्रित करा आणि चालू तुकडीला द्या. किती जणांनी पाहिले हे मोजू नका. वहीची किती पानं परत आली आणि तुम्ही त्यातली किती आठवड्याच्या आत तपासून पाठवली, ते लिहून ठेवा आणि तो कागद जानेवारीच्या बैठकीत टेबलावर ठेवा.