बकिंगहॅम की विंडसर? आई-बाबांसोबत एकच राजवाडा बघायचा असेल तर

उन्हाळ्यात आई-बाबा लंडनला आले की घरोघरी हा प्रश्न निघतोच: राजाचा वाडा दाखवायचा, पण कुठला, लंडनमधला बकिंगहॅम की लंडनबाहेरचा विंडसर? "दोन्ही दाखवा" म्हणणं सोपं आहे. पण तिकिटं महाग, सुट्ट्या मोजक्या आणि चालणाऱ्यांचे गुडघे सत्तरीचे. मी आई-बाबांना दोन्हीकडे नेलं आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते: एकच बघायचा असेल तर विंडसर. फक्त काही जणांनी माझं ऐकू नये, तेही पुढे लिहिते.

आधी तारखा बघा. बकिंगहॅमच्या स्टेट रूम्स, म्हणजे दरबारी दालनं, मुख्यतः उन्हाळ्यातच उघडतात, साधारण जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. एरवी तिथे राजाचं कामकाज चालतं. विंडसरचा किल्ला वर्षभर बघता येतो, मंगळवार-बुधवार सोडून. आई-बाबांचं परतीचं विमान जूनमधलं असेल तर पुढचा विचार करायची गरजच उरत नाही.

गंमत म्हणजे बकिंगहॅम लोकांसाठी उघडलं तेच विंडसरमुळे. २० नोव्हेंबर १९९२ ला विंडसरमध्ये राणीच्या खासगी प्रार्थनागृहात दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि बघता बघता ११५ खोल्यांचं नुकसान झालं. दुरुस्तीला ३ कोटी ६५ लाख पौंड लागले. त्यासाठी १९९३ पासून बकिंगहॅमला तिकीट लावून लोकांना आत घेऊ लागले, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथल्या आणि विंडसरच्या तिकिटांतूनच उभा राहिला. बरोबर पाच वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, काम पुरं झालं. हे माहीत असलं की विंडसरच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मान आपोआप वर जाते. ते ओकचं छत शेकडो वर्षं जुनं वाटतं, पण ते आगीनंतरचं आहे. छतावर गार्टर सरदारांच्या, म्हणजे 'गार्टर' हा जुना राजसन्मान मिळालेल्यांच्या, ढाली रंगवल्या आहेत आणि मधेच काही कोऱ्या, पांढऱ्या. ज्यांचा मान काढून घेतला त्यांच्या त्या. बाबा त्या कोऱ्या ढाली मोजत किती तरी वेळ उभे होते.

बकिंगहॅममध्ये ७७५ खोल्या आहेत, त्यातल्या १९ स्टेट रूम्स उन्हाळ्यात बघायला मिळतात. वास्तुकार जॉन नॅशने बांधलेला जिना, ४७ मीटर लांबीची चित्रदालनाची खोली, सिंहासनाचं दालन, आणि मानपदकं देतात तो बॉलरूम. सगळं झगमगतं, भव्य. पण एका सरळ रेषेत पुढे पुढे जात राहायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या सोनेरी छतानंतर आईचं लक्ष उडालं. शेवटी बागेत बाहेर पडल्यावर मात्र ती खुलली. हिरवळीकडे बघत चहा घेता येतो, तो अर्धा तास सगळ्यात छान गेला. एक सूचना: स्वच्छतागृह थेट बागेत, फेरी संपल्यावर आहे. ज्येष्ठांना आत जाण्याआधीच सांगून ठेवा.

विंडसरला आपल्या लोकांचे पाय जिथे थबकतात अशा जागा आहेत. टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं इथे ठेवलेलं आहे. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं तेव्हा ते सिंहासन फोडून वाटून घेतलं गेलं. बाबा काचेपाशी काहीच बोलले नाहीत. वॉटर्लू चेंबरमधला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला आहे. आणि राणी मेरीचं बाहुलीघर! एडविन लट्येन्सने, ज्याने दिल्लीचं राष्ट्रपती भवन रचलं त्यानेच, १९२१ ते १९२४ या काळात केलेलं. एकास बारा या मापाचं, पण नळाला पाणी, दिव्यांना वीज. तिथली रांग लांब असते, तरी थांबा.

आता माझं कोणी ऐकू नये? ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी. विंडसर टेकडीवर आहे, स्टेशनपासून चढ आणि आत जागोजागी दगडी फरसबंदी. लंडनहून ट्रेनने जाण्या-येण्यातच दोनेक तास जातात, म्हणजे अख्खा दिवस धरा. व्हिक्टोरिया किंवा ग्रीन पार्क स्टेशनवरून बकिंगहॅम चालत गाठता येतं, आणि पायऱ्या टाळायचा मार्ग हवा असेल तर आधी नोंदवून ठेवता येतो. हातात अर्धाच दिवस असेल तरीही बकिंगहॅम बरं.

विंडसरला जाणार असाल तर रविवार टाळा. त्या दिवशी किल्ल्यातलं सेंट जॉर्जेस चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, पर्यटकांना बंद असतं, आणि चॅपल चुकलं तर विंडसर अर्धंच बघितलं. तिथेच एका छोट्या कोनाड्यात काळ्या दगडावर चार नावं कोरली आहेत: जॉर्ज, एलिझाबेथ, एलिझाबेथ, फिलिप. वडील, आई, लेक म्हणजे राणी दुसरी एलिझाबेथ, आणि जावई. आत जाता येत नाही, दारातूनच बघून पुढे सरकायचं. आईने तिथे चप्पल काढायला वाकून पाहिलं, मग माझ्याकडे बघून नुसते हात जोडले.