कहलगावची सोंस फेरी: वल्ह्याचीच नाव घ्या

बिहारमध्ये भागलपूरच्या पुढे कहलगाव आहे. तिथल्या घाटावरून नावेने गंगेतले डॉल्फिन बघायला जाता येतं. कंपनी नाही की तिकीटखिडकी नाही. मासेमारी करणारेच नावाडी, त्यांच्याशी बोलून फेरी ठरवायची. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

कोकणात समुद्रातले डॉल्फिन बघितले असतील तर तशा उड्यांची अपेक्षा इथे ठेवू नका. सोंस (घाटावर डॉल्फिनला सगळे हेच म्हणतात) श्वास घ्यायला वर येते, राखाडी पाठ आणि कधी लांब चोच दिसते, तोवर ती पाण्याखाली गेलेलीही असते. मोबाईलमध्ये मला फक्त पाणी मिळालं. पण नजर एकदा सरावली की इथे, तिथे, मागे, दिसतच राहतात.

पैसे खरे वसूल होतात ते नावाड्यामुळे. नदीतल्या खडकाळ बेटांच्या अलीकडे त्याने वल्ही वर घेतली आणि गप्प बसायला सांगितलं. खडकांमागे पाणी खोल, भोवरा फिरतो, मासे तिथे जमतात, म्हणून सोंसही तिथेच आणि त्याची जाळीही तिथेच. अडचण नेमकी इथे आहे. जाळ्यात अडकलेली सोंस वर येऊ शकली नाही तर गुदमरते. जिवंत सापडली तर जाळं कापून सोडायची, आणि कापलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार, असं त्याने मलाच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वी सोंशीचं तेल मासे पकडायला आमिष म्हणून वापरत, तेही त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. माहितीपत्रकात असलं काही वाचायला मिळत नाही.

या घाटाला इतिहासही आहे. इथल्या पाण्यावर जमीनदारांची मालकी चालायची, मच्छीमारांना त्यांना पैसे मोजावे लागत. त्याविरुद्ध १९८२ मध्ये कहलगावच्या कागजी टोला या मच्छीमार वस्तीतून गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं. १९९१ मध्ये सरकारने पारंपरिक मच्छीमारांचा कर रद्द केला. त्याच वर्षी सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य झाला. म्हणजे पाणी मच्छीमारांना मोकळं झालं आणि सोंशीसाठी राखीवही झालं, तेही एकाच साली! मच्छीमारांना बाजूला सारून इथे सोंस वाचणार नाही, हे मला तरी त्या नावेत बसल्यावर पटलं. फेरीचे पैसे थेट त्यांच्या हातात जातात हे म्हणूनच महत्त्वाचं.



आता एक तारा का कापला ते. घाटावर एक जण मोटरबोटीसाठी फारच मागे लागला होता, "लवकर दिसतील" म्हणून. अजिबात ऐकू नका. सोंशीच्या डोळ्यांत भिंगच नसतं. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून मासा हुडकायचा, असा तिचा संसार. त्यात इंजिनाची घरघर म्हणजे तिच्या जेवणाच्या वेळी कानाशी ढोल. याच पाण्यातून राष्ट्रीय जलमार्ग १ ची मालवाहू जहाजंही जातात, त्यात आपली आणखी भर नको. शिवाय नावेत लाइफ जॅकेटं होती पण गाठोडं करून टोकाला ठेवलेली. मागून घेतली, तेव्हा नावाडी हसला. हसू दे, घालाच. घाटावर प्लास्टिकही भरपूर.

हिवाळ्यात जा. पाणी उतरलेलं असतं आणि सोंशी खोल डोहांत एकवटतात. पावसाळ्यात नदी फुगते, सोंशी उपनद्यांत पांगतात, नावही धोक्याची. सकाळी लवकर निघा, भाडं आणि वेळ नावेत चढायच्या आधी ठरवा आणि लहान मुलं बरोबर असतील तर फेरी छोटी घ्या. आमच्या मागच्या नावेतली दोघं अर्ध्या तासात कंटाळून एकमेकांवर पाणी उडवायला लागली होती.