तुरुंगातून आलेला हिरो: खरा गुन्हेगार निवडायचा की अडकवलेला निर्दोष?

रोमँटिक सस्पेन्स वाचणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. हिरोला शिक्षा झालेली आहे एवढं मलपृष्ठावर कळतं, पण आत दोन अगदी वेगळ्या कादंबऱ्या असू शकतात. एकीत त्याने काही केलेलंच नसतं, कोणीतरी त्याला अडकवलेलं असतं आणि हिरॉईन, म्हणजे बहुतेक वेळा वकील किंवा पत्रकार किंवा मेलेल्या माणसाची बहीण, हळूहळू ते उकरून काढते. दुसरीत त्याने खरंच केलेलं असतं, तो शिक्षा भोगून बाहेर आलाय, आणि आता त्याच्यावर नाहीतर तिच्यावर नवीनच काहीतरी येऊन पडतं. मी दोन्ही प्रकार भरपूर वाचलेत आणि आता पहिल्याकडे हात जरा कमीच जातो. का ते सांगतो, पटलं तर बघा, कारण पहिल्यातही काही गोष्टी अशा आहेत ज्या दुसऱ्यात मिळत नाहीत.

आधी पहिल्याच्या बाजूने. वेग. अडकवलेला हिरो असला की कथेला आपोआप दिशा मिळते, पुरावा शोधायचा, खोटा साक्षीदार गाठायचा, खरा खुनी मोकळा आहे म्हणजे धोकाही चालूच. दमून घरी आलो असताना अशी कादंबरी पटकन पकडते. आणि विषय हवेतला नाही. अमेरिकेत १९८९ पासून डीएनए तपासणीमुळे शिक्षा झालेले लोक निर्दोष ठरायला लागले, १९९२ मध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी याच कामासाठी इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला, आणि डीएनएमुळे सुटलेल्यांच्या केसेस बघितल्या तर मोठ्या संख्येने प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानेच चुकीचा माणूस ओळखलेला होता. खोटं बोलून नाही, मनापासून चुकून. ज्या लेखकाला हे माहीत असतं तो कारस्थान करणारा व्हिलन घुसवत नाही, तो एक प्रामाणिक साक्षीदार ठेवतो जिला आजही शंभर टक्के खात्री आहे की तिने त्यालाच पाहिलं. आता कल्पना करा की ती साक्षीदार हिरॉईनच आहे. असं असेल तर मी पहिला प्रकार आनंदाने वाचतो, आजही.

पण बहुतेक वेळा असं नसतं, आणि इथेच माझं घोडं अडतं.

हल्ली या कादंबऱ्या बहुतेक दोघांच्या बाजूने सांगितलेल्या असतात, एक प्रकरण तिचं एक त्याचं. तिच्या प्रकरणात ती विचार करतेय की याने खरंच मारलं असेल का. ठीक. मग त्याचं प्रकरण येतं आणि आपण थेट त्याच्या डोक्यात जातो. आता ज्याने कोणाला मारलेलंच नाही आणि त्यासाठी सात-आठ वर्षं आत काढलीत त्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार कुठला असेल? मी केलं नाही, हाच ना? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हाच. पण लेखकाने तो विचार लिहिला तर सस्पेन्स संपला, म्हणून तो लिहितच नाही. त्याऐवजी हिरो खिडकीबाहेर बघतो, त्या रात्रीची आठवण झटकून टाकतो, जे झालं ते झालं असं काहीतरी मनात म्हणतो आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात परत तेच. त्याच्या आईचं दुःख आपल्याला कळतं, कोठडीतला वास कळतो, हिरॉईनच्या केसांबद्दल त्याला काय वाटतं ते तर सविस्तर कळतं, फक्त जी एक गोष्ट त्याला चोवीस तास छळत असणार तिच्यापाशी आलं की त्याचं मन अचानक गप्प. मला हे सहनच होत नाही. तो माणूस हिरॉईनपासून लपवत असेल तर समजू शकतो, त्याची कारणं असतील, पण तो स्वतःच्या मनात स्वतःपासून लपवतोय ते फक्त मला फसवायला, आणि एकदा हे दिसलं की त्याच्या बाकीच्या भावनांवरही माझा विश्वास बसत नाही. प्रेमकथेत हिरोच्या भावनांवर विश्वास नसेल तर उरतं काय.

आणि एवढं करून लपतंय काय? या प्रकाराचा वाचकाशी ठरलेला करार आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने रोमान्सची व्याख्या दोनच गोष्टींवर केली होती, प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशावादी हवा. म्हणजे हे दोघं शेवटी एकत्र येणार हे पुस्तक उघडण्याआधीच माहीत असतं. मग ज्या बाईच्या भावाच्या खुनासाठी तो आत गेला होता त्या बाईशी त्याचं जमणार असेल तर त्याने तो खून केलेला नसणार हेही आपण ओळखलेलंच असतं. मी काही पानं मोजलेली नाहीत, पण माझा अनुभव असा की साठ-सत्तर पानांत कळतं, आणि उरलेली अडीचशे पानं आपण तिची वाट बघत बसतो की हिला कधी कळणार.

जुन्या लेखकांनी हा घोळ घातला नव्हता. माँटे क्रिस्तोच्या काउंटच्या गोष्टीत (१८४४ ते १८४६ मध्ये क्रमशः छापलेली) निर्दोष नायक दांतेस चौदा वर्षं किल्ल्यातल्या तुरुंगात सडतो, पण त्याला कोणी आणि कसं अडकवलं ते आपल्याला सुरुवातीलाच दाखवलेलं असतं, अज्ञान फक्त त्याचं. उत्सुकता तो पुढे काय करणार याची. निर्दोष हिरो असाही लिहिता येतो हे म्हणायचंय.

आता दुसरा प्रकार. इथे गुन्हा आधीच मान्य आहे. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो सरळ सांगू शकतो की मी गाडी चालवत होतो, आत दोघं दरोडा घालत होते, एक माणूस मेला. झालं. लेखकाला लपवाछपवी करायची गरज नाही, म्हणून हिरोचं मन पूर्ण उघडं मिळतं, लाज, राग, सबबी, सगळं. आणि सस्पेन्स कमी होत नाही, मला तर वाटतं वाढतो, कारण शेवट ठरलेला असला तरी हिला याच्यावर विश्वास ठेवता येईल का आणि तो कशाच्या जोरावर, हे कराराने ठरत नाही. ते लेखकाला कमवावं लागतं. एका कादंबरीत ती त्याच्या केसची कोर्टातली कागदपत्रं मागवते आणि त्याला न सांगता दोन दिवस वाचते, तो स्वयंपाकघरात काम करतोय आणि ही वरच्या खोलीत त्याने काय केलं ते वाचतेय. त्या दोन प्रकरणांत कोणी कोणाच्या मागे धावत नाही, बंदूक नाही, तरी मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही.

शिवाय कायदा स्वतःच टेन्शन तयार करतो, आणि हे मला फार आवडतं. यातल्या बऱ्याच कथा अमेरिकेत घडतात. तिथे १९६८ च्या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. म्हणजे क्लायमॅक्सला खाली पडलेली बंदूक उचलून तो तिला वाचवतो तेव्हा त्याच्यासाठी तो साधा पराक्रम नसतो, परत आत जायचा धोका असतो. चांगला लेखक तिथे हिरोला अर्धा सेकंद थांबवतो. सुटकेनंतरच्या अटी असतात, अधिकाऱ्याकडे हजेरी, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, बाकी शिक्षा झालेल्यांशी संबंध ठेवायचे नाहीत, आणि मदत करू शकणारा एकमेव माणूस त्याचा आतला दोस्त असतो. जाता जाता एक, फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यासाठी आत गेलेला हिरो आजच्या काळात पॅरोलवर, म्हणजे शिक्षा पूर्ण व्हायच्या आधीच अटींवर, सुटलेला दाखवला असेल तर मी सावध होतो, कारण नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच नाही, शिक्षा संपल्यावर देखरेखीखाली सुटका असते. राज्याच्या गुन्ह्याचं वेगळं, काही राज्यांत पॅरोल आहे.

पहिल्या प्रकारात कायदा उलट अडचणीचा होतो. १९९६ पासून फेडरल कोर्टात हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे मला बेकायदा आत ठेवलंय अशी दाद मागायला, साधारण एक वर्षाची मुदत आहे, निर्दोष ठरायला खऱ्या आयुष्यात वर्षानुवर्षं जातात, आणि कादंबरीत मात्र खुन्याने कबुली दिली की पुढच्या प्रकरणात हिरो मोकळा आणि समुद्रकिनारा. दरवेळी खटकतं.

दुसऱ्या प्रकारातही दोष आहेतच, ते सांगायला हवेत. बऱ्याच लेखकांना खरा गुन्हेगार लिहायची भीती वाटते, मग गुन्हा इतका पातळ करतात की बहिणीला मारणाऱ्या माणसाला याने मारलं आणि कोर्टाला ते समजलंच नाही. नाव गुन्हेगाराचं, हिशोब निर्दोषाचाच. दुसरं म्हणजे हिरॉईन कधीकधी फारच लवकर विरघळते, तिसऱ्या भेटीत चावी देते, तेव्हा मला तिची काळजी वाटायला लागते आणि प्रेमकथेसाठी ते बरं नाही. आणि काही गुन्हे असे असतात की तुम्ही कितीही उदार वाचक असलात तरी हिरोला माफ करणार नाही, ती रेघ प्रत्येकाची वेगळी असते, तुमची कुठे आहे ते आधी ठरवा.

एक मधला प्रकारही आहे, फार कमी दिसतो. अमेरिकेत १९७० पासून सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली अल्फर्ड प्ली म्हणून सोय आहे, आरोपी म्हणतो मी निर्दोष आहे, पण पुरावा इतका आहे की मी दोषी असल्याचा निकाल स्वीकारतो. असा हिरो मिळाला तर विचार न करता घ्या. तो म्हणतोय मी केलं नाही, कागद म्हणतोय केलं, सही त्याचीच. तिने कोणाचं ऐकायचं?

तर प्रवासात वाचायला, डोक्याला फार त्रास नको, कोर्टकचेरी आणि शोधाशोध आवडते असं असेल तर निर्दोष हिरोच घ्या, वाईट निवड नाही. पण तुम्ही मुख्यतः प्रेमकथेसाठी वाचत असाल तर मी खऱ्या गुन्हेगाराकडेच बोट दाखवीन. आणि मलपृष्ठावरून कळत नसेल तर नमुन्याची पानं उघडून हिरोचं पहिलं प्रकरण शोधा. त्यात गुन्ह्याचं नाव सरळ घेतलेलं असेल तर पुढे वाचा, आणि तो नुसताच खिडकीबाहेर बघत असेल तर मी तरी ते परत ठेवतो.